चौथ्या दिवसाचा चट्टा

सासूबाईंच्या अंगावर पुरळ उठलं ते आठव्या दिवशी. छातीतल्या संसर्गावरचा सात दिवसांचा गोळ्यांचा कोर्स आदल्याच दिवशी संपला होता, खोकलाही गेला होता, त्यामुळे गोळ्यांवर कुणाचा संशयच गेला नाही. संशय गेला सुनेवर. तिने त्याच आठवड्यात कपडे धुवायचा साबण बदलला होता.

"वहिनी, जुन्या साबणाला काय झालं होतं?" नणंदेने फोनवर विचारलं. नवऱ्याने आईच्या चादरी स्वतः पुन्हा भिजवल्या. ते तिला जास्त लागलं.

ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर मशीनवर मान मोडायची आणि घरी येऊन सासूबाईंच्या पाठीला मलम चोळायची. पुरळ मांड्यांपर्यंत उतरलं, त्याची सालपटं निघाली, अडीच आठवड्यांनी सगळं गेलं. साबणाचं तुणतुणं तेवढं राहिलं. शेवटी दीड महिन्याने तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासूबाईंना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

गोळ्यांचं आणि साबणाचं ऐकून बाईंनी ऍलर्जी तपासायला पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. एकीखाली त्या प्रतिजैविकाच्या गोळीची पूड, एकीखाली पातळ केलेला साबण. पाठ भिजवायची नाही, परवा यायचं.

परवा पट्ट्या काढल्या. पाठ स्वच्छ.

"म्हणजे मी काय ढोंग करत होते?" सासूबाई फणकारल्या.

"आज नाही म्हणजे नाहीच असं नसतं, आजी. अजून दोन दिवसांनी दाखवा."

पुन्हा रजा. सुपरवायझरने तोंड वाकडं केलं. त्या दोन दिवसांत भांडी घासताना सुनेच्या मनात आलं, उठू दे बाई एकदाचा चट्टा! आणि स्वतःचीच लाज वाटून तिने नळ जोरात सोडला.

चौथ्या दिवशी गोळीच्या जागी लाल, फुगीर चौकोन उठला होता. साबणाची जागा कोरी.

"काही ऍलर्जी तासाभरात भडकतात, ही त्यातली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याही दमलेल्याच दिसत होत्या. "औषधाचे कण शरीरातल्या प्रथिनांना चिकटतात. आपल्या पांढऱ्या पेशींतल्या काहींना ते परकं वाटतं. त्यांना ओळख पटून त्यांची फौज वाढायला आठवडा जातो, मग त्या कातडीत उतरतात. तोवर औषध संपलं तरी त्या थांबत नाहीत. आता ओळख झालीय, पुढच्या वेळी एक-दोन दिवसांतच उठेल. हे कार्ड जवळ ठेवा, ही गोळी आणि तिच्या जातीतली औषधं घ्यायची नाहीत."

बाहेर आल्यावर सासूबाईंनीच लेकीला फोन लावला. "साबण नव्हता गं. गोळी होती. वहिनीशी बोल."

"चुकलंच माझं, वहिनी."

"असू दे," ती म्हणाली. इतके दिवस या शब्दांची वाट पाहिली होती. आता ऐकल्यावर आनंद वगैरे काही झाला नाही, फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं.

थांब्यावरच्या बाकावर ती टेकली. "पाच मिनिटं डोळे मिटते, आई. मला कामावर जायचंय."

"मीट."

दोन बस आल्या आणि गेल्या. सासूबाई तिची पिशवी मांडीवर धरून बसून राहिल्या. त्यांनी तिला उठवलं नाही.