ओलिनाचा डावा हात

पुस्तकाचं चाळिसावं पान उघडलं आणि गुड्रुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ब्रानस्ट्रुप मलम कंपनीला शंभर वर्षं झाली, म्हणून हा जाडजूड इतिहास छापलेला. कंपनीने गुड्रुनसारख्या सगळ्या जुन्या कामगारांना घरपोच पाठवला होता. पानभर फोटो : बाही वर सारलेला एक डावा हात, त्यावर मलमाचे सहा पट्टे. खाली लिहिलं होतं, 'संस्थापक वाल्डेमार ब्रानस्ट्रुप प्रत्येक मलम आधी स्वतःच्या हातावर लावून पाहत. १९५६.'

"स्वतःच्या हातावर!" गुड्रुन स्वयंपाकघरात एकटीच ओरडली. "मेल्यांनो, हा माझ्या आईचा हात आहे!"

कोपराखाली तो तिकोनी डाग होता ना! चार वर्षांच्या गुड्रुनने इस्त्रीची वायर ओढली होती. तापलेली इस्त्री लेकीच्या डोक्यात पडू नये म्हणून ओलिनाने आपला हात आडवा घातला होता. तो डाग गुड्रुनने नाही ओळखायचा तर कोणी?

ओलिना मलमखोलीत कामाला होती. तिथली रीतच होती, नव्या मलमाचा पहिला लेप बायकांनी डाव्या हाताला लावायचा, वर पट्टी बांधायची आणि सकाळी साहेबांना कातडी दाखवायची. कातडी पांढरी पडली की मलम जोरदार. डावा हात असा अडकलेला, म्हणून त्या बायका घड्याळ उजव्या हातात बांधत. डेन्मार्कमधल्या त्या स्वेनबोर्ग गावच्या बाजारात त्या त्यावरूनच ओळखू येत. एकोणीस वर्षं ओलिनाने हात पुढे केला. शेवटी तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, नुसता कपाटाचा कोपरा लागला तरी फाटायची. आणि वाल्डेमारसाहेब? ते मलमखोलीत हातमोजे घालून यायचे.

गुड्रुन तडक कंपनीत गेली. वाल्डेमारचा नातू येस्पर आता तिथला मुख्य होता. त्याने सगळं हसतमुखाने ऐकून घेतलं.

"अहो गुड्रुन, तीन हजार प्रती छापून झाल्यात. आणि आजोबांची ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

"तू गोष्ट ऐकत होतास. मी आईच्या हाताच्या पट्ट्या धूत होते."

"एका डागावरून कसं म्हणायचं?"

"तुझ्या आजोबांनी जन्मात कधी इस्त्री हातात धरली होती का रे?"

येस्पर उठला, तिला दारापर्यंत घेऊन गेला. "शनिवारी शताब्दीच्या समारंभात चार गोड शब्द बोला, शेवटी कंपनीच्या नावाने हुर्रा म्हणा. आणि हे घ्या, थंडीत हात फुटतात ना?" असं म्हणून त्याने मलमाची नळी तिच्या हातात ठेवली. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच! गुड्रुनने नळी पर्समध्ये टाकली.

मलमखोलीत काम केलेली गुड्रुनची जुनी मैत्रीण एल्सेबेट फोनवर म्हणाली, "जाऊ दे गं. जुनी मढी कशाला उकरायची?"

"मढं नाही गं, आई आहे माझी," गुड्रुन म्हणाली आणि फोन आपटला.

शनिवारी सभागृहात दोनशे माणसं जमली. हेरिंग मासळी खाऊन झाली, कडक दारूचे इवले पेले रिकामे झाले. गुड्रुनने पेल्यावर चमचा वाजवला.

"चाळिसाव्या पानावरचा हात बघितलात ना? आपल्या मलमाने ज्याची ज्याची खाज थांबली, तो त्या हाताचा देणेकरी आहे." येस्पर मान डोलवत होता. "तो हात माझ्या आईचा, ओलिनाचा. ती गेली. पण तिच्यासारखा हात पुढे करणाऱ्या बायका इथे बसल्यात, उजव्या हातात घड्याळं घालून. त्यांच्या नावाने, उठा!"

तिथला रिवाजच असा, भाषण संपून कुणाचंही नाव निघालं की बसून राहायची सोय नाही. अख्खं सभागृह उभं राहिलं. ठरल्याप्रमाणे नऊ वेळा हुर्रा! येस्परचं तोंड सवयीने आधी उघडलं, डोकं मागून पोचलं. तिसऱ्या हुर्रापर्यंत त्याचा चेहरा पडला होता, पण थांबणार कसा?

"येस्पर," गुड्रुन म्हणाली, "आत्ता ज्या हाताचा जयजयकार केलास, त्याच्याखाली कोणाचं नाव छापलंयस? वाच, सगळ्यांसमोर."

"ते... पुढच्या आवृत्तीत बघू."

तेवढ्यात एल्सेबेट पुढे आली. डावी बाही तिने खांद्यापर्यंत सारली. पांढरी, सुरकुतलेली कातडी, जागोजागी निळे डाग. "मग हा हात कोणाचा म्हणून छापणार आहेस रे? तुझ्या बापाचा?"

कोणी हसलं नाही. भेट द्यायच्या पुस्तकांचा ढीग टेबलावर होता. गुड्रुनने येस्परसमोर पेन ठेवलं.

"पुढची आवृत्ती बघायला मी नसेन. आत्ता बस. 'ओलिना' एवढंच लिही, प्रत्येक पुस्तकात, चाळिसाव्या पानावर. घरोघरी गेलीत ती मागवून घे, त्यातही लिही."

येस्परने सभागृहाकडे पाहिलं. अजून सगळे उभेच होते. तो खुर्चीत बसला आणि त्याने वरचं पुस्तक ओढलं.

गुड्रुनने पर्समधून मलमाची नळी काढून त्याच्या डाव्या हाताशी ठेवली.

"तीन हजार वेळा लिहायचंय. बोटांना फोड आले तर हे लाव."