सगळं खरं, फक्त माणूस चुकलाय

मित्रांनो, जुना तर मी आहेच. पण मी कॅमेरा आहे की साक्षीदार, याचा माझा मलाच अजून उलगडा झालेला नाही. संगणकाच्या डोक्यावर चिमट्यानं बसतो आणि समोर असेल ते दाखवतो. डोळा एकच, त्याला पापणी नाही. त्यामुळे डोळेझाक करता येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासणीवाल्या बाईनं माझ्यापुढे हात हलवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंय." माझं ते पहिलं कौतुक. दुसरं अजून व्हायचं आहे.

मग मी मास्तरांच्या घरी आलो. मास्तरांची मुलगी माझ्यासमोर बसून नोकरीच्या मुलाखती देई. वर इस्त्रीचा शर्ट, खाली झोपायचा पायजमा. मी फक्त शर्ट दाखवला, आणि तिला नोकरी लागली. ती दूर गेली, मी बेकार झालो. मास्तरीणबाईंनी उरलेल्या अस्तराची टोपी शिवून माझ्या डोळ्यावर चढवली. धूळ बसू नये म्हणून, असं त्या म्हणाल्या.

मास्तरीणबाई शिलाई मशीन दुरुस्त करण्यात पटाईत. विद्या वडिलांकडून आलेली. जुन्या मशीनवाल्यांचा एक ऑनलाइन गट होता. जाण्याआधी मुलीनं आईला त्यात खातं उघडून दिलं. फोन बाबांच्या नावावर, म्हणून खातंही बाबांच्या नावावर. उत्तरं मास्तरीणबाई लिहीत, गट म्हणे, "काका, तुमच्या हाताला तोड नाही!" आणि मास्तर ते चहाबरोबर मोठ्यानं वाचून दाखवत. दोनदा. मास्तरांना सुईत दोरा ओवता येत नाही.

अकरा वर्षं हे सुखानं चाललं. मग गटात एक भामटा शिरला. चार नावांनी आला आणि आपल्याच भिकार तेलाची चौघांच्या तोंडून स्तुती करू लागला. कितीतरी मशीनं जाम झाली. गटप्रमुख बाईंनी त्याला हाकललं आणि फर्मान काढलं: प्रत्येकानं कॅमेऱ्यासमोर यावं, ओळखपत्र दाखवावं आणि कामाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. नाहीतर खातं बंद.

"अहो, खातं गेलं तर मला विचारणारं कोण उरेल?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी आहे ना!"

"तुम्ही विचारता, चष्मा कुठंय."

शेवटी ठरलं. माझी टोपी काढली गेली. मास्तर भांग पाडून समोर बसले आणि मास्तरीणबाई टेबलाच्या कडेला, स्टुलावर. मला त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता.

"ओळखपत्र जवळ धरा, काका," गटप्रमुख म्हणाल्या. "मान डावीकडे. उजवीकडे. छान. आता प्रश्न. शिवताना मधूनच टाका सुटतोय. आधी काय बघाल?"

"आधी मी शांतपणे बघेन," मास्तर म्हणाले.

"काय बघाल?"

"मशीन."

"सुई," अंबाडा कुजबुजला.

"सुई!" मास्तर गरजले.

"सुईचं काय?"

"उलटी बसलीय का ते," पुन्हा अंबाडा. माझ्या पोटात कानही आहे, मित्रांनो. त्यानं हे इमानदारीत पलीकडे पोचवलं.

"काका," गटप्रमुख म्हणाल्या, "तुमचे ओठ हलायच्या आधीच उत्तर येतंय."

मास्तरांनी चाळीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या होत्या. आता त्यांचे कान लाल झाले. "चेहरा माझा, ओळखपत्र माझं, नाव माझं. यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही. सगळं खरं आहे, फक्त माणूस चुकलाय. खातं बंद करावं लागेल."

मला काही कळेना. त्या भामट्याच्या वेळी माणूस एक, नावं चार. इथे नाव एक, माणसं दोन. मी दाखवला तो खरा होता, आणि तोच नेमका चालत नव्हता.

तेवढ्यात एका तेलकट हातानं मला धरून बाजूला वळवलं. समोर मास्तरीणबाई.

"त्यांना रागावू नका. लिहिते मी. काय विचारायचं ते मला विचारा."

गटप्रमुखांनी विचारलं. मास्तरीणबाई सुईपासून सुरू झाल्या, दोऱ्याच्या ताणावर आल्या, मग मशीनचा एक सुटा भाग माझ्या डोळ्याला टेकवून त्याची झीज दाखवू लागल्या. पलीकडे गटप्रमुख वहीत उतरवून घेत होत्या. ओळखपत्र मागायचं त्या विसरूनच गेल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "अहो, पण तुमचं नाव काय?"

मास्तरीणबाईंनी नाव सांगितलं. या घरात मी ते प्रथमच ऐकलं. मास्तर 'अगं'वरच भागवतात. इथे सांगत नाही, त्यांची परवानगी घेतलेली नाही.

काकांचं खातं बंद झालं. जुनी उत्तरं मात्र काकांच्याच नावावर राहिली. ती बदलता येत नाहीत म्हणे. मास्तरीणबाईंचं खातं उघडलं, नावाखाली 'नवीन सदस्य'. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एकाला उत्तर दिलं. त्यानं लगेच लिहिलं, "ताई, तुम्ही नवीन दिसता. आधी काकांची जुनी उत्तरं वाचा, खूप शिकायला मिळेल."

मास्तरांनी ते वाचलं. या वेळी मोठ्यानं नाही.

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला आणि लिहिलं, "वाचते."

मित्रांनो, माझी काच अधूनमधून पुसत जा, एवढीच विनंती. समोर बसलेला मी दाखवीन. कडेला स्टुलावर कोण बसलंय, ते मात्र तुम्हालाच मान वळवून बघावं लागेल.

त्या दिवसापासून माझी टोपी कुणी परत चढवलेली नाही. धूळ खूप बसते. पण दिसतंय.