रिंगची पुढची कड

तिला शाळेची सगळी बास्केटबॉल टीम ‘चौकशी’ म्हणायची, आणि ते नाव तिला अगदी फिट्ट बसलं होतं. शिट्टीच्या आत गोळी कशाला, पंच उलटं पळताना पडत कसे नाहीत, एक ना दोन. खेळाच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, “अगं, तोंड चालतं तेवढे हात चालव!”

पोरीनं ते फारच मनावर घेतलं. वर्षभर रोज शाळा सुटल्यावर ती मैदानातल्या एकुलत्या एका रिंगसमोर एकटी उभी राहिली. आधी जी नुसत्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची, ती आता दहापैकी आठ बॉल जाळीत घालायला लागली. बाईंनी तिला पहिल्या पाच जणींत घेतलं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. स्पर्धा दहा दिवसांवर होती.

टीमचं एक जुनं दुखणं मात्र होतं. घरच्या मैदानात सगळ्या वाघिणी, बाहेर गेल्या की पार शेळ्या. परवाच्या सरावसामन्यातही तेच. दुसऱ्या शाळेत बॉल मारावा आणि तो रिंगवर आपटून परत यावा.

“तुम्ही घाबरता,” परतताना बसमध्ये बाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

चौकशीनं हात वर केला. “बाई, घाबरल्यावर बॉल कुठंही जायला हवा ना? मग सगळ्यांचा पुढच्याच कडेला कसा आपटतो?”

“झाली हिची चौकशी सुरू,” कॅप्टन म्हणाली आणि अख्खी बस हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या शिलाई मशीनवरून दोरा आणि दोन बॉबिन उचलल्या आणि शिपाईमामांकडे शिडी मागितली.

“पडलीस तर मी तुला ओळखत नाही,” असं म्हणत मामांनी शिडी घट्ट धरली.

तिनं रिंगच्या मागच्या कडेवरून वजनाला बॉबिन बांधलेला एक दोरा जमिनीपर्यंत सोडला, पुढच्या कडेवरून दुसरा. दोन्ही कडेशी तोडले आणि खाली उतरून शेजारी धरले. पुढचा चांगला चार बोटं आखूड! वर्षानुवर्षं पोरींनी लटकून लटकून रिंग पुढं झुकवली होती. झुकलेली रिंग सपाट मारलेला बॉलही गिळते. दुसऱ्या शाळांच्या सरळ रिंगमध्ये तो वरून उतरावा लागतो, नाहीतर पुढच्या कडेला आपटतो.

उत्तर सापडलं म्हणून ती जागच्या जागी उडी मारणार होती, तेवढ्यात तिनं पुन्हा वर रिंगकडे पाहिलं. तिचा सगळा नेम याच रिंगवर बसला होता. बाकीच्यांना पळणं, अडवणं तरी येत होतं. हिच्याकडे एवढंच होतं. रिंग सरळ झाली की पहिल्या पाचांतली जागा गेलीच.

संध्याकाळी ती मशीनजवळ घुटमळली. “आई, चुकीच्या मापावर एखादा शर्ट फार छान शिवला तर?”

“तर उसवायचा,” आई मान वर न करता म्हणाली.

“आणि गिऱ्हाइकाला कळलंच नाही तर?”

“घातल्यावर कळतंच की, बाळा.”

सकाळी तिनं दोन्ही दोरे बाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी ते पुन्हा पुन्हा मापून पाहिले. “म्हणजे इतकी वर्षं मी पोरींना उगाच बोलले,” त्या हळूच म्हणाल्या.

वेल्डर आला, रिंग सरळ झाली आणि बाईंनी पुन्हा चाचणी घेतली. पहिल्या दिवशी सगळ्याच चुकल्या. आठवडाभरात बाकीच्या सावरल्या. चौकशीचे दहापैकी दोनच बॉल जाळीत गेले. तिची जागा ‘मुंगी’ नावाच्या बुटक्या पोरीला मिळाली. हे होणार हे तिला माहीत होतं. तरी व्हायचं तेवढं दुःख झालंच, आणि ती नळावर जाऊन पोटभर रडली.

स्पर्धेच्या दिवशी ती बाकावर बसली. परक्या मैदानात मुंगीनं बॉल उंच सोडला आणि तो कडेला न शिवता आत गेला. बाकावरून सगळ्यात मोठ्यानं चौकशीच ओरडली. मग ती पुढं वाकून बघतच राहिली.

“बाई, बॉल सोडताना तिचं मनगट नेमकं कधी वळतं?”

“मलाही नीट सांगता येणार नाही गं,” बाई म्हणाल्या आणि तिच्याकडे सरकून बसल्या. “पुढच्या वेळी दोघी मिळून बघू.”