पाठीवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा माणूस... नाही. पुसा ते.

मी जुना नाही. सोनंही माझ्यात चिमूटभरच, बाकी तांबं. आमच्या पूर्वजांनी तळ्यात देवाला वाहिलेल्या, अशाच सोनं-तांब्याच्या बोटभर पुतळ्यांची मी नक्कल आहे. पण मला बोलता येत नाही, आणि आत्ता बोगोटाच्या विमानतळावर मी भिंगाखाली पडलो आहे.

"अस्सल निघाला तर आजीबाई थेट तुरुंगात," पोलीस म्हणतो. "देशाचा ठेवा पळवत होत्या."

"अरे बाळा, माझ्या हातचा आहे तो!" बेत्साबे आजी कळवळते. "लेक माद्रिदला बाळंत झालीय. नातवाला नेतेय."

"पकडलं की सगळ्यांनाच नातू होतात!"

पुरावस्तूंचे पारखी डॉक्टर ओल्मेदो पुढे वाकतात. मला कुशीवर वळवतात.

माझा जन्म असा. मी आधी मेणाचा होतो. आजीनं मेणाची तार वळून माझे डोळे केले, हातात काठी दिली. वर माती लिंपून भाजली. मेण वाहून गेलं; त्या पोकळीत वितळलेलं तांबं आलं.

"घासलेला नाही," डॉक्टर पुटपुटतात. "नकला तर चकाचक असतात."

हो, दुकानासाठीच्या. देवाचं मात्र साच्यातून निघेल तसंच द्यायची आमच्याकडे रीत. नातवाचंही आजीनं तसंच ठेवलं. वर घरची माती लागावी म्हणून मला सतापाच्या कुंडीत पुरलं. माया अशी अंगाशी येते.

"खाचांत मातीपण आहे! झालं की, डॉक्टर!"

विमानाची शेवटची हाक होते. आजीचे ओठ पांढरे पडतात.

भिंग माझ्या पाठीवर येतं. थांबतं.

"आजी, अंगठा दाखवा."

"ठसे घेताय? मी काय चोर आहे?"

"दाखवा तर."

मेण दाबताना तिचा अंगठा नखासकट माझ्या पाठीवर उमटला होता. तांब्यात तो तसाच उतरला.

"गुळगुळीत आहे की!" पोलीस हसतो. खरंच. कानस चालवून आजीच्या रेषा कधीच झिजल्यात.

"रेषा सोडा. हा तिरका व्रण कसला?"

"लहानपणी बटाटे सोलताना सुरी लागली."

"इथंही तोच आहे."

"व्रण काय, पूर्वजांनाही असतील!"

"असतील. पण व्रणापाशी दुभंगलेलं हे नखही, अगदी आजींच्या नखासारखं?" डॉक्टर भिंग पोलिसाच्या हातात देतात. तो बराच वेळ वाकून पाहतो. मग आजीची पिशवी स्वतःच उचलतो. "पळा, आजी!"

"नक्कल," डॉक्टर म्हणतात. हा शब्द मला शिवीसारखा वाटायचा. आज नाही.

मित्रांनो, माद्रिदला कुणी मला चकाचक करायला घेतलं, तर एवढं सांगा: पाठ घासू नका. तिथं आजी आहे.