भरल्या गाडीचं अडखळणं

मी पिकअप बोलतेय. चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. पुढून पाहिलंत तर मोटार, मागून पाहिलंत तर ट्रक. त्यामुळे दोघांपैकी कुणीच मला धड आपली म्हणत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले ती ब्याऐंशी साली. पहिली बारा वर्षं गाझियाबादच्या एका तंबूवाल्याकडे काढली. कधी लग्नाच्या खुर्च्या, कधी तेराव्याच्या सतरंज्या. मला सगळं वजन सारखंच.

चौऱ्याण्णवमध्ये मला चंद्रप्रभाबाईंनी घेतलं. मूळच्या पुण्याच्या. यजमान भाऊसाहेब केंद्र सरकारात नोकरीला, राहायला दिल्लीत सरोजिनी नगरचं क्वार्टर. तेव्हा यमुनेपलीकडे नोएडात रोज नवी इमारत उभी राहत होती. बाई एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला गेल्या आणि बघतात तो काय, खिडक्या या एवढ्या मोठ्या, पण पडदा एकीलाही नाही! लोकांनी काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. घरी येताच त्यांनी ठरवलं, पानिपतहून चादरी आणि पडद्यांचं कापड आणायचं आणि सोसायट्यांमध्ये विकायचं.

मला चालवायला श्यामलाल होता. बुलंदशहरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. माझा गिअर तो असा टाकायचा, जसं कुणी झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात मी अडखळायला लागले. चालता चालता एक ठोका चुकायचा आणि उचकी लागल्यासारखे हिसके बसायचे. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. चारांतला एक सिलिंडर मध्येच पेटत नाही. कुठे बिनसलंय ते मला कळत होतं का? खरं सांगते, नाही. तुम्हाला तरी स्वतःच्या पोटातलं कुठे दिसतं?

एका मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला. दुसऱ्याने प्लग बदलले. तिसऱ्याने मला रिकामीच गल्लीतून फिरवलं, मी शहाण्यासारखी चालले, तेव्हा तो हात पुसत भाऊसाहेबांना म्हणाला, "गाड़ी में कुछ नहीं है. पेट्रोल देखिए. ड्राइवर लोग पेट्रोल बेचकर मिट्टी का तेल मिला देते हैं."

पेट्रोलमध्ये रॉकेल! भाऊसाहेबांच्या डोक्यात ते बसलं. त्याच संध्याकाळी त्यांनी श्यामलालला क्वार्टरसमोर उभं केलं. "सच बताओ, मिलावट करते हो?"

श्यामलालने किल्ली माझ्या बॉनेटवर ठेवली. "दो साल से चला रहा हूँ, साहब. पहले ढक्कन खोलकर सूँघ तो लेते." एवढं बोलून तो चालू लागला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होते.

बाई बाजारातून आल्या आणि ऐकून थक्क झाल्या. "अहो, तुम्ही विचारलंत की ठरवूनच बोललात?"

"मिस्त्री म्हणाला ना! आणखी काय प्रूफ हवं?"

"हवंय, बिल्कुल हवंय. ती का अडखळते ते मला कळायला हवं."

मग बाई माझ्या केबिनमध्ये एकट्याच येऊन बसल्या. प्रत्येक फेरीला त्या श्यामलालशेजारी असायच्या. डोळे मिटून एकेक फेरी आठवू लागल्या. पानिपतला जाताना ही कधी अडखळली? एकदाही नाही. आणि येताना? दर वेळी. धुकं असलं की जास्तच. पण टाकी तीच, पेट्रोल तेच! जाताना मागचा हौदा रिकामा, येताना गठ्ठ्यांनी भरलेला, फरक तेवढाच. त्या ताडकन उठल्या. इतके दिवस सगळ्यांनी मला रिकामी तपासली होती.

रविवारी सकाळी बाईंनी बोलावलेला इकबाल मिस्त्री कोटल्याहून स्कूटरवरून आला. हौदा भरलेला पाहून हसला. "बहनजी, गाड़ी दिखानी है या दुकान लगानी है?"

"भरी हुई ही दिखानी है. चलाकर देखिए."

त्याने मला रिंग रोडवर पुलाच्या चढाला घातलं आणि तिथे मी तीन-चार उचक्या दिल्या. परत आला तेव्हा तो हसत नव्हता. "बोझ पड़ते ही करंट कहीं और भाग रहा है. पर इतने उजाले में चिंगारी दिखेगी नहीं. अँधेरा चाहिए."

"अच्छा, अँधेरा? अभी कर देते हैं." बाईंनी हौद्यातलं जाडजूड पानिपती ब्लँकेट ओढलं, उघड्या बॉनेटवर पसरलं आणि इकबालसकट आत डोकं घातलं. माझं इंजिन चालूच होतं. ब्लँकेट पंख्यात जाऊ नये म्हणून भाऊसाहेब कड धरून उभे. येणारे-जाणारे थबकून पाहत होते. इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली घेऊन बाईंनी प्लगच्या तारांवर हलकंसं पाणी उडवलं.

"अहो, आत या! लवकर!"

भाऊसाहेबही आत शिरले. तिसऱ्या तारेपासून लोखंडी पट्टीपर्यंत एक निळी रेघ थरथरत होती. मीही ती पहिल्यांदाच पाहिली. माझ्याच पोटात इतकं सुंदर काही चाललंय, याचा मला पत्ताच नव्हता.

इकबालने समजावलं. पट्टीला घासून तारेचं रबर झिजलं होतं. रिकाम्या गाडीत करंट प्लगपर्यंत पोचायचा. ओझं आलं की प्लगला जास्त जोर लागायचा, मग करंट त्या झिजलेल्या जागेतून निसटायचा. ओल असली की आणखीच सहज.

तार बदलली. भाऊसाहेबांनी ब्लँकेटची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "श्यामलाल राहतो कुठे?"

"कोंडलीला. चलो, आत्ताच जाऊ. पण बोलायचं तुम्ही."

इकबालने मला भरलेलीच तिकडे नेली. यमुनेच्या पुलावर एकही ठोका चुकला नाही. श्यामलाल दारात उन्हाला बसला होता. भाऊसाहेब उतरले. "पेट्रोल ठीक था, श्यामलाल. तार खराब थी. और... मैं गलत था." तिसऱ्या वाक्याला त्यांना फार वेळ लागला.

श्यामलालने माझं बॉनेट उघडून नव्या तारेवरून बोट फिरवलं. "आप आए, अच्छा लगा, साहब. पर काम पर नहीं लौटूँगा. कल फिर कुछ बिगड़ा, तो आप फिर मुझे ही देखेंगे."

बाई म्हणाल्या, "तो मुझे चलाना सिखा दीजिए."

श्यामलालने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तो चक्क हसला. "हर इतवार आऊँगा. पर साहब पीछे बैठेंगे, गट्ठरों पर."

आणि बसले हो! सहा रविवार, मफलर गुंडाळून, गठ्ठ्यांवर. पुढे दोन वर्षं बाईंनीच मला पानिपतला नेलं-आणलं.

आता दिल्लीत जुन्या मालवाहू गाड्यांना बंदी आलीय. उद्या मी दूर एका रोपवाटिकेत जाणार. नवा मालक बरा दिसतो, पण मी म्हातारी, पुन्हा अडखळेनच. तेव्हा त्याला कुणी एवढं सांगाल का? आधी विचार, कधी अडखळते. कुणामुळे, ते मागाहून.