सगळेच महत्त्वाचे

मामांचं चष्म्याचं दुकान मागच्या गल्लीत गेलं, तेव्हापासून गिऱ्हाईक जुन्या जागी जाऊन, बंद शटर बघून परत फिरत होतं. नवा पत्ता लोकांना कळावा म्हणून भाचीने इंटरनेटवर दुकानाचं पान बनवायचं अंगावर घेतलं. पदार्थविज्ञानाची पदवी ताजी होती, हुरूपही.

मजकूर झाला. तो दिसावा कसा, कोणत्या रंगात, केवढ्या अक्षरात, हे स्टाइलशीटमध्ये लिहायचं होतं. इथेच घरचे जागे झाले. मामांना काळी ठसठशीत अक्षरं हवी होती, मामेभावाला जांभळी. मामींना सोनेरी आणि चष्म्याच्या काडीसारखी नाजूक. तिघंही एकेकटे येऊन कानाशी लागले. कुणाचं मन मोडायला नको, म्हणून तिने तिघांचेही नियम लिहिले आणि प्रत्येकाला ‘इम्पॉर्टंट’ असा शिक्का मारला. शिक्क्याच्या नियमापुढे साध्या नियमांचं काही चालत नाही.

पान उघडलं, तर पांढऱ्यावर फिकट सोनेरी मुंग्या.

मामांनी स्वतःचा चष्मा काढला आणि डोळे तपासताना गिऱ्हाइकाला उभं करतात त्या रेघेवर जाऊन उभे राहिले.

“पत्ता कुठाय?”

“समोरच आहे, मामा.”

“अगं, ज्याचा चष्मा फुटलाय तोच हे पान उघडणार ना?”

भाचीच्या डोक्यात आता प्रकाश पडला. सगळ्यांनाच शिक्का दिला की शिक्क्याला अर्थ उरत नाही. मग सर्वांत शेवटी लिहिलेला नियम जिंकतो. शेवटचा नियम मामींचा होता.

“म्हणजे घरच्यासारखंच,” मामेभाऊ पुटपुटला. मामींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

तिने सगळे शिक्के पुसले. पूर्ण पानाला साधी काळी अक्षरं दिली. पत्त्याच्या ओळीला वेगळं नाव देऊन फक्त तिच्यासाठी नियम लिहिला: ठळक आणि चौपट मोठी. जांभळा रंग शीर्षकाला गेला, सोनेरी रंगाची बारीक कड पानाभोवती. मामांनी रेघेवरून पत्ता घडाघडा वाचला.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ फुटका चष्मा खिशात आणि फोन नाकाला लावून दुकानात शिरले. म्हणाले, बाकी काही दिसलं नाही, पत्ता तेवढा दिसला.

“सोनेरी कडसुद्धा नाही दिसली?” मामींनी विचारलं.

“नाही हो.”

मामी मामांकडे वळल्या. “नंबर वाढलाय यांचा. नीट तपासा.”