भुऱ्याचा एक्स-रे

अंबाजोगाईत मी जनावरांचा डॉक्टर आहे. एक्स-रेचं मशीन घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, जनावर काय, स्वस्थ पडणार आहे का? जनावर पडतं. त्याला थोपटलं, कानामागं खाजवलं की ते गप पडतं. माणूस पडत नाही, आणि तो पुढाऱ्याचा कार्यकर्ता असेल तर विचारूच नका.

त्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. पहिल्या गाडीतून बिभीषणराव उतरले. हे तेलगावकडचे पुढारी. गळ्यात सकाळच्या सत्काराची शाल तशीच होती. मधल्या गाड्यांतून कार्यकर्ते उतरले. सगळ्यात शेवटच्या गाडीतून त्यांची बायको विजयमालाबाई उतरली, कुत्रं पोटाशी धरून. म्हणजे पेशंट रांगेत शेवटी. इथंच माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

काय झालं ते त्रिंबकनं सांगितलं. त्रिंबक म्हणजे बिभीषणरावांचा उजवा हात. त्यानं आधी सत्काराला कोण कोण आलं होतं ते सांगितलं, मग हार केवढा होता ते, आणि मग कुत्र्यावर आला. कुणीतरी छातीवरचा बिल्ला काढून पेढ्यांच्या ताटात ठेवला होता. भुऱ्यानं पेढे खाल्ले आणि बिल्लाही गिळला, मागच्या पिनेसकट. विजयमालाबाई एकच वाक्य बोलली, "सकाळधरनं पानी बी पोटात ठरंना त्याच्या."

भुऱ्या साधं गावठी कुत्रं, मातीच्या रंगाचं. हिरड्या फिकट पडत चालल्या होत्या. मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पिन मिटलेली असेल तर बिल्ला नळीनं ओढून काढता येईल. उघडी असेल तर ओढताना सगळं फाटेल, मग पोटच उघडावं लागेल, तेही लगेच. चुकीचं केलं तर कुत्रं जाईल. म्हणून एक्स-रे स्वच्छ यायला हवा. कुत्र्याला धरायला एक माणूस शिशाचा एप्रन घालून आत थांबेल, बाकीच्यांनी बाहेर जायचं. किरणं अंगाला वाईट असतात.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी हललं नाही. त्रिंबक म्हणाला, साहेब आत हायेत तवर आमाला किरणं काय करत्यात?

मी ओरडलो तेव्हा ते दारापर्यंत गेले. मी आडोशाला जाऊन बटण दाबलं आणि तेवढ्यात ते परत आले. त्यांचा तरी काय दोष? "हलू नका" हे शब्द त्यांनी आयुष्यभर फोटो काढतानाच ऐकलेले. फोटो निघतोय म्हटल्यावर बिभीषणरावांच्या शेजारी घुसायचं, निदान हात तरी पुढं करायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. पडद्यावर चित्र उमटलं. भुऱ्याच्या पोटावर हातांची नुसती गर्दी. हाडं, कडी, अंगठ्या, घड्याळं. पोट कुठंच नाही.

मी कपाळावर हात मारला. ते मात्र खूश झाले. ह्यो माझा, ही माझी अंगठी, असं करत प्रत्येकानं आपापला हात शोधून काढला आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. ज्यांचे हात आले नव्हते त्यांची तोंडं उतरली. दुसऱ्या वेळी ते सगळ्यांच्या आधी घुसले.

तिसऱ्या वेळी मी बिभीषणरावांना हात जोडले. ते म्हणाले, बरोबर हाय डॉक्टर तुमचं. आणि मला मदत म्हणून स्वतःच कुत्र्यावर वाकले. पडद्यावर भुऱ्याच्या बरगड्यांवर त्यांचा जबडा आला, सगळ्या दातांसकट. त्रिंबक अगदी मनापासून म्हणाला की साहेबांची हाडं बी इतरांपरीस येगळीच दिसत्यात.

इकडं भुऱ्याचे डोळे मिटायला लागले होते. मी बिभीषणरावांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, तुम्ही यांना बाहेर काढा, तुमचं ऐकतील. त्यांचा चेहरा खरंच कसनुसा झाला. "लोकं मायेनं येत्यात, डॉक्टर. आजवर मी कुनाला भायेर जा म्हनलेलो न्हाई. कुठल्या तोंडानं म्हनू?"

विजयमालाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं खुंटीवर तसाच राहिलेला एप्रन काढून अंगात घातला आणि भुऱ्याचे पुढचे पाय धरले. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"आवो, तुमी भायेर व्हा."

बिभीषणराव म्हणाले, "मी?"

"तुमी गेल्याबिगर ह्ये जायचे न्हाईत. माझं मुकं जनावर मरल हितं."

बिभीषणराव गेले. त्यांच्यामागं त्रिंबक गेला, त्याच्यामागं बाकीचे गेले. कुठं चाललोय हे निम्म्यांना कळलंही नसेल. साहेब निघाले म्हणून तेही निघाले. खोली रिकामी झाली. इतकं सोपं होतं आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

या वेळी एक्स-रे आरशासारखा स्वच्छ आला. पिन उघडी होती आणि तिचं टोक जठराच्या भिंतीकडं वळलेलं होतं. मी लगेच पोट उघडलं. बिल्ला निघाला; त्याच्या चुरगळलेल्या फितीवर "स्वागताध्यक्ष" एवढं वाचता येत होतं. भुऱ्या वाचला. विजयमालाबाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ती हुंदके देत रडली.

पुढच्या आठवड्यात तेलगावच्या चौकात फ्लेक्स लागला म्हणे. "भुऱ्यास उदंड आयुष्य लाभो." मधोमध तो हातांचा दुसरा एक्स-रे, आणि प्रत्येक हाताखाली त्या त्या शुभेच्छुकाचं नाव.

टाके काढायला पुन्हा तीच रांग आली. टाके काढायच्या आधीच मी दार आतून लावून घेतलं होतं; खोलीत विजयमालाबाई, मी आणि भुऱ्या. जखम छान भरली होती. विजयमालाबाईनं विचारलं, अजून एक एक्स-रे काढता का? मी म्हणालो, काही गरज नाही, कुत्रं ठणठणीत आहे.

ती उठली नाही.

"त्ये मला म्हाईत हाय. पर त्या दिशी तुमची खोली रिकामी झालती. लगीन झाल्यापासून आमच्या घरात अशी रिकामी खोली मी बघितली न्हाई, डॉक्टर. सैपाकघरात बी मानसं असत्यात. घडीभर ह्येंना आत येऊ द्या. निस्तं ह्येंना."

या बाईबद्दल वाईट वाटलं, आणि तिनं मागून मागितलं ते काय, याचंही. मी मशीनची तार काढून ठेवली आणि दार उघडलं.

बिभीषणराव आले, पाठोपाठ त्रिंबक. मी म्हणालो, एक्स-रेला फक्त तुम्ही. बिभीषणरावांनी सवयीनं मागं वळून पाहिलं. मग आत पाहिलं. टेबलावर कुत्र्याशेजारी त्यांची बायको पाय खाली सोडून बसली होती, दाराकडं बघत.

"त्रिंबक," ते म्हणाले, "तुमी समदे भायेरच थांबा."

त्रिंबकला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. तो तसाच मागं सरला. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर त्यांच्यातच उभा राहिलो. शेवटी त्रिंबकनं हळूच विचारलं, आज लई टाइम लागायला? मी म्हणालो, पेशंट हलतोय जरा.

मग आतून बिभीषणरावांचा आवाज आला, भाषणातला नाही, साधा.

"ह्ये भुऱ्या आपल्या घरी आलं कवा?"

आणि विजयमालाबाई पहिल्यापासून सांगायला लागली.